समोरची रांग

यंदाच्या पौषात आमच्या मांद्र्याच्या मांडावर धालो झाले, पण एका रांगेला तोंड नव्हतं.

धालो म्हणजे आम्हा बायकांचा खेळ. चांदण्यात, सारवलेल्या मांडावर, म्हणजे खेळाच्या पवित्र अंगणात, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून. एक रांग वाकत वाकत पुढे येते आणि गाण्यातून विचारते. दुसरी वाकत पुढे जाते आणि गाण्यातूनच जाप देते. विचारणाऱ्या रांगेच्या तोंडाला आमची विमलबाय असायची, जाप देणाऱ्या रांगेच्या तोंडाला कमलाक्षीवयनी. दोघींचे गळे म्हणजे एका झाडाचे दोन माड, असं म्हाताऱ्या म्हणत. माड झाडाला येत नाहीत हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण म्हणत खऱ्या.

घोव वारल्यावर विमलबाय मुलाकडे कोल्हापूरला राहायला गेली. तरी पौष लागला की पिशवी सावरत एसटीतून उतरायचीच. यंदा उतरली नाही. मार्गशीर्षात तिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. खेळाच्या वेळी कमलाक्षीवयनीने समोरच्या रांगेत तिची जागा मोकळी ठेवायला लावली. कोणी तिथं सरकू लागलं की डोळे वटारायची. त्या मोकळ्या जागेकडे बघत ती सगळ्या रात्री जाप देत राहिली.

माघ लागला आणि विमलबायच्या मुलाचा, गुरुदासचा, नाक्यावरच्या दुकानात फोन आला. वयनी धावत गेली, मी तिच्या मागून.

"काकी, आई कुणाला ओळखते की नाही तेच कळत नाही," तो म्हणाला. "नुसती भिंतीकडे बघते. डॉक्टर म्हणतात, तिच्या जुन्या माणसांना बोलवा, त्यांचे आवाज कानावर पडू देत."

वयनीने फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवरच बसली. "प्रभावती," ती मला म्हणाली, "ती बोलूं नाका. हालूं नाका. पण माका वळखता काय ना, इतकें माका बघूंक जाय."

वयनी दोडामार्गाकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला धालोचं एक अक्षर येत नव्हतं. विमलबायने शेतात तण काढता काढता, विहिरीवर कळशी भरता भरता तिच्या गळ्यात एकेक गीत उतरवलं होतं. वयनी म्हणायची, आईने दूध पाजलं, विमलबायने आवाज पाजला.

मी शाळेत शिकवते, म्हणून शनिवार-रविवारच निघणं शक्य होतं. तिसरी आमच्यात यशोदा, आमच्या मांडावरची सर्वांत जाड आणि सर्वांत हलक्या पायांची बाई. तिच्याकडे सोमवारी नारळ काढायला पाडेली यायचा होता. एकदा चुकला तर तो महिनाभर तोंड दाखवत नाही. त्यामुळे रविवारी परतणं आलंच. रात्रीच्या लक्झरी बसचं नाव यशोदेनेच काढलं आणि तिनेच मिटवलं.

"लक्झरींत लोक न्हिदूंक बसतात. आमी न्हिदूंक वतांव काय विमलबायक बघूंक?"

म्हणून मांद्र्याहून पेडणे, पेडण्याहून सावंतवाडी आणि तिथून आंबोलीच्या घाटाने जाणारी लाल एसटी. वाटेत विकत काही खायचं नाही असं ठरलेलं. पोदेराकडून, पाववाल्याकडून, पहाटे घेतलेल्या गरम पोया, त्यांत सुकी भाजी, आणि यशोदेच्या करंडीत तर अर्धा मांद्रे गाव: अळसांदे, सोलं, नारळ, उकडे तांदूळ, वर हरमलच्या मिरच्यांची पिशवी.

सावंतवाडीला जनेलाकडची जागा कुणाची यावर भांडण झालं.

"माका घाटांत ओकारी येता," यशोदा म्हणाली.

"मागीर तू भायर बस. जनेल आमकां दी. तुजी ओकारी बघून आमकां येवची नाका."

"जनेलांतल्यान ओंकचें न्हय तर खंयच्यान, वयनी? तुज्या पदरांत?"

जनेल यशोदेला मिळालं. तिने लिंबू हुंगलं, देवाचं नाव घेतलं आणि घाट चढायच्या आधीच घोरायला लागली. ओकारी आली ती मागच्या बाकावरच्या एका मिशाळ गृहस्थाला.

घाटात एका वळणावर वरच्या फळीवरून मिरच्यांची पिशवी घसरली आणि फाटली. पुढच्या सीटवरचा माणूस शिंकला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी बस. कंडक्टर तोंडाला रुमाल लावून आला. "मावशी, मिरच्या आणल्यात की तोफखाना?"

"सुनेक भेट," यशोदा जागी होत म्हणाली.

"सुनेवर राग दिसतोय."

बस हसली आणि शिंकली, दोन्ही एकदम. मग परकी माणसं बाकांखाली वाकून आमच्या मिरच्या वेचू लागली. कुणी ओंजळीतून आणून दिल्या, कुणी टोपीतून. एका बाईने स्वतःची पिशवी रिकामी करून दिली. वयनी प्रत्येकाला म्हणत होती, "देव बरें करूं." त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण आमच्याकडे आभाराला दुसरा शब्द नाही, आणि याहून मोठा कशाला हवा?

वर पठारावर आलो तशी हवा कोरडी झाली. उसाचे गाडे, गुऱ्हाळांचा गोड धूर. वयनी मात्र बाहेर बघत नव्हती. ओठ हलत होते. विमलबायला भेटल्यावर पहिलं काय बोलायचं त्याची ती तालीम करत होती.

स्टँडवर गुरुदास न्यायला आला होता. रंकाळ्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या. दारात त्याची बायको तारा उभी, गडहिंग्लजकडची, पदर खोचलेली, हात पिठाचे.

"या की मावशी, या आत. लई दमला असाल न्हवं? आधी च्या टाकते."

खिडकीखालच्या खाटेवर विमलबाय होती. एवढीशी झालेली. तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला, केस मात्र कुणीतरी तेल लावून नीट विंचरलेले. कमलाक्षीवयनी खाटेच्या कडेला बसली. एवढी तालीम केलेली, सगळी विसरली.

"विमलबाय. हांव गे. कमलाक्षी."

एसटीच्या जनेलातून दिसणाऱ्या अनोळखी गावाकडे आपण बघतो, तसं विमलबायने आमच्याकडे बघितलं. मग मान भिंतीकडे वळवली.

ताराने पेजेचा वाडगा आणला, तो वयनीने तिच्या हातातून घेतला. "कुलेर दी गे," म्हणाली. ताराला कळलं नाही, तेव्हा मी चमचा दिला. वयनीने एकेक घोट भरवला, ओघळलेला पदराने पुसला. पेज अगदी आमच्यासारखी होती, उकड्या तांदळाची, बेताचं मीठ घातलेली.

"आईंना भाकरी गिळवेना," तारा म्हणाली, "म्हणून शेजारच्या वेंगुर्ल्याच्या काकूंकडनं शिकले. पहिल्यांदा पार लापशी झालती."

संध्याकाळी यशोदेने पदर खोचला. "रडत बसलां जाल्यार विमलबाय आमकां वळखची ना. आमी केन्ना रडतालीं? उठा, फुगडी घालूंया!"

मग त्या एवढ्याशा खोलीत आम्ही तिघींनी फुगड्या घातल्या. यशोदा फिरली तशी फळीवरची भांडी फिरली. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "गुरुदासराव! भूकंप झाला काय हो?" तारा तोंडाला पदर लावून हसत होती. आम्ही मधूनमधून खाटेकडे बघत होतो. विमलबायने डोळे मिटून घेतले होते.

मी ओव्या म्हटल्या. जात्यावरच्या, पाळण्यावरच्या. तिच्या माहेरच्या देवाची म्हटली. ती भिंतीकडेच.

"वयनी," यशोदा हळूच म्हणाली, "धालोचें एक गीत म्हण."

"तोंड सांबाळ, यशोदा. मांड न्हिदलो आसा."

ते खरंच होतं. शेवटच्या रात्री आम्ही निरोपाचं गीत म्हणतो, मांडाला निजवतो, आणि मग पुढच्या पौषापर्यंत धालोची ओळ कुणी ओठावर आणत नाही. आणायचीच नाही. निजलेल्याला अवेळी उठवलं तर मांडमाय, मांडाची देवी, रुसते, मग गुरं आजारी पडतात, लेकुरवाळ्यांना त्रास होतो, असं मानतात. मी शिकलेली बाई, पण मीही कधी आणत नाही. तोंड भाजेल असं वाटतं.

"मांड न्हिदलो," यशोदा म्हणाली, "पण विमलबाय जागी आसा मगे!"

वयनी खाटेच्या पायथ्याशी चटई टाकून आडवी झाली.

सकाळी गुरुदास आम्हाला अंबाबाईला घेऊन गेला. एवढं जुनं शहर, एवढं नावाजलेलं. यशोदेला राजवाडा बघायचा होता, तालमी बघायच्या होत्या, रंकाळ्यावर भडंग खायचं होतं. ते तिने सगळं केलं आणि भडंगाचा पुडा आम्हालाही दिला. वयनी देवीसमोर हात जोडून उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मागच्या बाईने "पुढं सरका की" म्हटलं तेव्हा सरकली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलं?"

"मागलें ना कांय. नमन केलें. म्हटलें, माये, तूं हांगाची. ती आमची बायल तुज्या गांवांत आसा, तिका सांबाळटा तें बरें करता."

"आणि ओळखायचं?"

"तें मागूंक धीर जालो ना. ना म्हणली जाल्यार?"

जेवणं झाली. अळसांद्यांची उसळ ताराने आमच्याकडून शिकत शिकत केली, आणि मिरची जास्त पडल्यामुळे सगळे पुन्हा शिंकलो. दुपारची बस होती. आम्ही पिशव्या बांधल्या. करंडी आता रिकामी व्हायला हवी होती, पण ताराने तिच्यात गूळ, शेंगदाणे आणि कोल्हापुरी चटणी भरून ती आणली होती तेवढीच जड केली.

मी विमलबायच्या पाया पडले. यशोदेने तिच्या गालाला हात लावून बोटं मोडली. वयनी खाटेवर बसली, तिने विमलबायचा जिवंत हात, डावा, आपल्या मांडीवर घेतला, आणि मला कळलं की ती गाणार आहे. धालोचं गाणार आहे. यशोदेने माझा दंड घट्ट धरला.

वयनीला म्हणायचं होतं पहिल्या रात्रीचं गीत, ज्याने मांड उघडतो. असं तिने मागाहून आम्हाला सांगितलं. पण निघायची वेळ होती, गळा भरलेला होता, आणि भरल्या गळ्याला निरोपच आठवतो. वर्षानुवर्षं मांडावर जिने एक ओळ चुकवली नाही, तिच्या तोंडून शेवटच्या रात्रीचं गीत निघालं:

"न्हीद गे माये, न्हीद आतां,
चान्न्यान घातलां पांघरूण.
फुडल्या पुसांत उठयतल्यो तुका
आमी हातांत हात घेवन..."

थप्प!

आम्ही दचकलो. विमलबायने डावा हात वयनीच्या हातातून ओढून घेतला होता आणि खाटेच्या लाकडावर आपटला होता. मान भिंतीकडून वळली होती. डोळे असे पेटले होते, की मी आणि यशोदा नकळत एक पाऊल मागे सरलो. मांडावर कुणी चुकलं की ते डोळे आम्ही पाहिलेले होते. मांड उघडला नाही आणि निजवायला निघाली? आलेली नाही ती माय आणि तिला निरोप? कोणी शिकवलं हिला?

तिचे ओठ हलले. आधी नुसता घर्र आवाज, कोरड्या रहाटासारखा. मग रहाट फिरला.

"जा...ग गे... मा...ये..."

शब्द अर्धे, खरचटलेले, एका बाजूने सांडणारे. पण सूर! सूर जागच्या जागी. वर चढायचा तिथं चढला, वळायचा तिथं वळला.

"जाग गे माये, जाग आतां,
दारांत उबीं तुजीं लेंकरां.
पयलें पावल कोणाचें गे?"

आणि थांबली. थांबणारच. तिची रांग विचारणारी. तिने विचारलं, आणि आता ती थेट कमलाक्षीवयनीकडे बघत होती. दुसऱ्या कुणाकडे नाही. माझ्याकडे नाही, पोटच्या मुलाकडे नाही. जाप ज्या रांगेने द्यायची तिच्या तोंडाकडे.

वयनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"वयनी," यशोदा तिला ढोसत ओरडली, "विचारता मगे ती तुका! जाप दी!"

"पयलें पावल तुळशीचें गे," वयनी कशीबशी म्हणाली, मग आवाज लागला,
"मागीर आमचीं पोरांबाळां."

विमलबायने मान हलवली. आता बरोबर, अशी. आणि पुढची ओळ विचारली.

तिचं बोलणं परत आलं, असं मी सांगणार नाही. गीत संपल्यावर गुरुदासने "आई, पाणी देऊ?" विचारलं तर तिला हो म्हणता आलं नाही, नुसता घर्र आवाज. पण तो आवाज काढताना ती त्याच्याकडे बघत होती. तो खाटेजवळ खाली बसला आणि आईच्या पावलांवर कपाळ टेकवून लहान पोरासारखा रडला. तारा दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

मग यशोदेच्या ध्यानात आलं. "वयनी, मांड उगडलो मगे."

आमचे चेहरे उतरले. उघडलेला मांड तसाच टाकून जाता येत नाही. पाच राती खेळायचा, आणि मगच निजवायचा. आणि आमची बस तासाभरात.

"हांव रावतां," वयनी म्हणाली.

"आणि घरची म्हस कोण पिळटलो? तुजो घोव? म्हस त्याकाच लाथ मारता!"

"मी म्हणू का?" तारा पुढे आली. हात अजून ओलेच होते. "म्हंजे, उत्तराची बाजू. तुम्ही सांगून ठेवा, मी पाठ करते. आई विचारतील, मी सांगीन."

तिला नाही म्हणावंसं कुणाला वाटत होतं? पण सून आपली आपण मांडावर येत नाही. सासू तिचा हात धरते आणि तिला रांगेत आणून उभी करते, तेव्हापासून ती मांडाची. विमलबाय इतकी वर्षं पौषात एकटीच यायची. तारा मागे घर सांभाळायची, गुरुदासच्या कामाच्या पाळ्या सांभाळायची. तिला मांड कुणी दाखवलाच नव्हता. ही गोष्ट आम्ही तिला कशी सांगणार, आणि झटका आलेल्या बाईला कशी समजावणार?

समजावावं लागलं नाही. विमलबाय ताराकडे बघत होती. तिने डावा हात उचलला, हळूहळू, पाण्याने भरलेली घागर उचलावी तसा, आणि पुढे केला.

ताराला कळेना. "काय पायजे आई? उशी?"

"हात धर," वयनी म्हणाली. "गे बाय माझे, हात धर तिचा."

ताराने हात धरला. विमलबायने तो ओढला आणि तिला खाटेसमोर, कमलाक्षीवयनीच्या शेजारी उभी केली. वयनीने ताराच्या कमरेत हात घातला, यशोदेने दुसरीकडून, मी यशोदेच्या पलीकडून. अशी त्या दोन खोल्यांच्या घरात, रंकाळ्यापलीकडे, भर दुपारी आमची रांग झाली. समोरच्या रांगेत एकटी विमलबाय.

तिने विचारलं. आम्ही वाकून पुढे गेलो. ताराने उजवा पाय टाकला.

थप्प!

"डावो पाय, डावो!" यशोदा हसत म्हणाली. "आमच्या मांडार डावो पयलो." तारा जीभ चावून मागे आली आणि पुन्हा निघाली. विमलबायच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला होता. खालच्या मजल्यावरून या वेळी कुणी काही बोललं नाही. मागाहून कळलं, ती मंडळी जिन्यात उभी राहून ऐकत होती.

निघेपर्यंत वयनीने ताराकडून जापा पाठ करून घेतल्या. कधी शेंगदाणे निवडता निवडता, कधी केस विंचरता विंचरता म्हणायच्या तेही सांगितलं. पाचव्या रात्रीचं निरोपाचं गीत शिकवताना मात्र स्वतःच दोनदा चुकली.

बसला गर्दी होती. गुरुदासने आमच्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. वयनीला या वेळी जनेल दिलं, यशोदेने आपणहून. बस उसाच्या शेतांमधून निघाली, गुऱ्हाळांचा धूर मागे पडला, आणि वयनी बाहेर बघू लागली. येताना जे काही बघितलं नव्हतं ते सगळं. कंडक्टर तिकिटं फाडत आला. तिने तिकिटं घेतली आणि म्हणाली, "देव बरें करूं."

"काय म्हणाला, मावशी?"

"देव तुझं बरं करो, म्हणते ती," मी सांगितलं.

तो पोरगेलासा, संकोचला. "मी काय केलं? गाडी तर ड्रायव्हर चालवतोय."

"मागीर त्याकाय सांग," वयनी म्हणाली.

तो हसला. पण पुढे केबिनपाशी गेल्यावर त्याने वाकून ड्रायव्हरला खरंच काहीतरी सांगितलं, आणि ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं.